विजेरी दुचाकी आणि नोंदणीचा कायदा

जिच्या मोटारीची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी 25 किलोमीटरहून कमी आणि बॅटरी वगळता वजन 60 किलोंच्या आत आहे, अशा विजेरी दुचाकीला, पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणीसंस्थेची मान्यता असल्यास, 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियम मोटार वाहनच मानीत नाहीत. सबब तिला ना नोंदणी लागते, ना चालकास अनुज्ञप्ती. ही मर्यादा ओलांडणाऱ्या खासगी गाडीस मात्र नोंदणी, त्रयस्थ-विमा आणि हिरव्या पाटीवर पांढरे अंक अनिवार्य होत. नोंदणीशुल्क तेवढे 2021 पासून माफ आहे. वेगनियंत्रक काढून टाकला की पूर्वोक्त सवलत तत्क्षणी संपते, आणि विमा नसल्याने अपघाताच्या नुकसानभरपाईचा बोजा मालकाच्याच शिरावर पडू शकतो, ही गोष्ट ग्राहकाला खरेदीपूर्वीच स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.