वाळवंटातील एका नव्या वनस्पतीचे नामकरण : ओविक्युला बायरॅडिएटा

प्रस्तावना :
एखादी वनस्पती प्रथम दृष्टीस पडणे आणि विज्ञानात तिची नोंद होणे या दोन भिन्न घटना आहेत. पहिलीपासून दुसरीपर्यंतचा प्रवास कसा होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात एका अलीकडील उदाहरणाच्या आधारे केला आहे.

शोध :
अमेरिकेतील टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेलगत, चिहुआहुआ वाळवंटात बिग बेंड राष्ट्रीय उद्यान आहे. चिसोस ही पर्वतरांग संपूर्णपणे याच उद्यानात सामावलेली आहे. मार्च २०२४ मध्ये उद्यानाच्या उत्तरेकडील खडकाळ भागात एका स्वयंसेविकेस लोकरीसारख्या केसांनी आच्छादलेले एक खुजे रोप आढळले. त्याची छायाचित्रे 'आयनॅचरलिस्ट' या संकेतस्थळावर देण्यात आली. परंतु ज्ञात अशा कोणत्याही जातीशी ते रोप जुळेना.

वर्णन व वर्गीकरण :
ही वर्षायू वनस्पती सूर्यफुलाच्या कुलातील असून तिची उंची काही सेंटिमीटरच असते. तिच्या पिवळ्या स्तबकात बहुधा दोनच किरण-पुष्पके असतात व त्यांवर तांबूस रेषा दिसतात. डीएनए-विश्लेषणानंतर तिचा समावेश कोणत्याही ज्ञात प्रजातीत करता येत नाही, असे स्पष्ट झाले. त्यामुळे केवळ नवी जातीच नव्हे, तर नवी प्रजातीही स्थापन करावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'फायटोकीज' या नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. 'ओविक्युला' म्हणजे लहानशी मेंढी. या नावातून तिच्या लोकरीचा, तसेच तेथील रानमेंढ्यांचा निर्देश होतो. 'बायरॅडिएटा' हे पद दोन किरणांचे सूचक आहे.

नामकरणाचे नियम :
आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नव्या जातीचे नाव ग्राह्य ठरण्यासाठी तिचे वर्णन किंवा भेददर्शक लक्षणे प्रसिद्ध करावी लागतात. तसेच प्ररूप नमुना निश्चित करून तो कोणत्या वनस्पतिसंग्रहालयात ठेवला आहे, हेही नमूद करणे आवश्यक असते. पूर्वी हे वर्णन लॅटिनमध्येच द्यावे लागे. २०१२ पासून इंग्रजीही चालते.

समारोप :
ही वनस्पती मोजक्याच ठिकाणी आढळली असून ती पावसानंतरच उगवते. त्यामुळे कोरड्या वर्षी ती दिसली नाही, तर ती सुप्त आहे की नष्ट झाली, हे लगेच सांगता येत नाही. जिला नावच नाही, तिचा समावेश संरक्षणाच्या यादीत होणे सहसा कठीण असते. म्हणूनच अचूक निरीक्षण, जपलेला नमुना आणि वर्गीकरणशास्त्राचे अध्यापन यांचे महत्त्व डीएनए-विश्लेषणाच्या काळातही कमी झालेले नाही.