पारावरचा वाद आणि हवामान बदल
(देगलूर इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

विषय हवामान बदलाचा असला तरी आज ध्रुवावरच्या बर्फाबद्दल मी बोलणार नाही. बोलायचंय ते आपल्या वादाबद्दल. पारावर, चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात हा विषय निघतो. एक म्हणतो, "हे सगळं हवामान बदलामुळं." दुसरा म्हणतो, "कसला बदल? बाहत्तरचा दुष्काळ काय कारखान्यांनी आणला होता?" तिसरा म्हणतो, "ते सोडा, हे धरणवाल्यांचं काम आहे." मग आवाज चढतो, आणि चांगले दोस्त चार दिवस एकमेकांना टाळतात.

माझ्या मते हे तिघं एकाच प्रश्नावर भांडत नसतात. त्यांचे प्रश्न वेगळे असतात. ते वेगळे केले की निम्मा वाद तिथंच मिटतो. उरतो तो खरा वाद, आणि तो घालायलाच पाहिजे.

आपल्या शेजारचंच उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका दिवसात २०० मिलिमीटरच्या पुढं पाऊस झाला. लेंडीचं पाणी रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेलीत शिरलं. हसनाळमध्ये माणसं गेली, जनावरं गेली, लष्कराला बोलवावं लागलं. कारण काय? कोणी म्हणालं ढगफुटी, कोणी म्हणालं हवामान बदल. गावकऱ्यांनी लेंडी प्रकल्पाच्या घळभरणीकडं आणि अर्धवट पुनर्वसनाकडं बोट दाखवलं. यात चार प्रश्न आहेत. एकेक घेऊ.

पहिला प्रश्न: तापमान वाढलंय का? हा मोजणीचा प्रश्न आहे, मताचा नाही. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो, की १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसनं वाढलं. आकडा छोटा वाटतो. पण ही साऱ्या देशाची, वर्षभराची सरासरी आहे.

दुसरा प्रश्न: कोणामुळं? "पूर्वीही दुष्काळ पडायचे" हा मुद्दा इथं येतो. खरंच पडायचे. दुर्गादेवीचा दुष्काळ तर सहाशे वर्षांपूर्वीचा. पण माणसं पूर्वीही तापानं फणफणायची, म्हणून आजच्या तापाचं कारण डॉक्टर शोधायचं सोडत नाही. हवाई बेटांवर मौना लोआ इथं १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. कोळशा-तेलातून आलेला कार्बन त्याच्या अणूंच्या प्रकारांवरून ओळखता येतो. आणि सूर्य तापल्यामुळं हे झालं असतं, तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो उलट थंड होतोय. या दोन प्रश्नांवर शास्त्रज्ञांत आता मोठा मतभेद राहिलेला नाही.

तिसरा प्रश्न: हा पाऊस, हा पूर त्याच्यामुळंच का? इथं हवामान बदल मानणाऱ्या दोस्तानं जरा सबुरीनं घ्यावं. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ दरम्यान मोठ्या भूभागावर एकदम पडणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीनं वाढल्या. त्याच पट्ट्यात मोसमाचा एकूण पाऊस मात्र वाढला नाही, कमीच झाला. म्हणजे फासा एका बाजूनं जड झालाय. पण अमुक एका दिवशी पडलेलं दान त्या जडपणामुळंच पडलं, हे स्वतंत्र अभ्यासाशिवाय म्हणता येत नाही.

शिवाय पाऊस किती पडला आणि पाणी घरात किती शिरलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाऊस आभाळातून येतो. पण घर बुडत्या जागी का राहिलं, पुनर्वसन का रखडलं, रात्री सावध कोणी केलं, याची उत्तरं माणसांना द्यावी लागतात. नुसतं "हवामान बदल" म्हटलं, की जबाबदार माणूस सुटतो. आणि नुसतं "धरण" म्हटलं, की पुढचा पूल, पुढचा नाला पुन्हा जुन्याच पावसाच्या हिशोबानं बांधला जातो. म्हणून पहिला दोस्त आणि तिसरा दोस्त एकाच वेळी बरोबर असू शकतात. हसनाळसारख्या गावाला दोघांचीही गरज आहे.

चौथा प्रश्न: किंमत कोणी मोजायची? भारतात माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. त्यामुळं "त्यांनी धूर केला, आम्ही का सोसायचं?" असं विचारणारा दोस्त विज्ञान नाकारत नाही, तो न्याय मागतोय. हा वाद खरा आहे, तो राजकारणाचा आहे, आणि त्यात मतं वेगळी असणारच. त्याला अडाणी म्हणणं चुकीचं आहे.

मग बोलायचं कसं? आधी विचारा, "गड्या, तू यातलं नेमकं काय मानत नाहीस?" पुष्कळदा त्याचा राग चौथ्या प्रश्नावर असतो आणि तो बोलतो पहिल्यावर. दुसरं, त्याचा ज्या मोजणीवर विश्वास आहे तिथून सुरुवात करा. आपल्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याचा विषय निघतो. तेव्हा त्या पर्जन्यमापकावर आपण सगळेच डोळे लावून बसतो. एका दिवसाच्या आकड्यावर भरपाई मागतो, तर साठ वर्षांच्या आकड्यांकडंही एकदा बघू, एवढंच म्हणायचं. तिसरं, चारचौघांत हरवायला जाऊ नका. लोकांसमोर हरलेला माणूस मत बदलत नाही, अजून घट्ट धरून बसतो.

आणि काही कामं वाद न मिटताही होतात. सोयाबीन रुंद सरी वरंब्यावर, म्हणजे बीबीएफनं पेरलं, तर पावसानं ओढ दिली तरी ओल टिकते आणि जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं. त्यासाठी आधी हवामान बदल मान्य करायची अट नाही. नाल्यातलं अतिक्रमण काढायला, लेंडीकाठी धोक्याची सूचना वेळेत पोचावी म्हणून अर्ज द्यायलाही नाही. त्या अर्जावर तिन्ही दोस्तांच्या सह्या होऊ शकतात. पहिले दोन प्रश्न मोजणीवर सोडा, तिसऱ्यात सबुरी ठेवा, आणि चौथ्यावर मनसोक्त भांडा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.