मिनिटांवर चालणारा दवाखाना

टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय मुळात कळंबोलीत होणार होतं. २०१७ साली राज्य सरकारशी तसा करारही झाला होता. पुढे जागा बदलली आणि २०२४ साली ते मुंबईत महालक्ष्मीला सुरू झालं. पाच मजले, सुमारे ९८ हजार चौरस फूट जागा, १६५ कोटींचा खर्च, दोनशे प्राण्यांची सोय, चोवीस तास इमर्जन्सी, हे सगळं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं. मला त्यात सगळ्यात शहाणपणाचा वाटला तो पत्त्यातला बदल. धाप लागलेलं कुत्रं मांडीवर घेऊन माणसाला मुंबईतून खाडीपलीकडे जायला किती वेळ लागेल, या हिशेबावरून जागा हलली.

रतन टाटांनी हा हिशेब स्वतः भोगला होता. आपल्या एका कुत्र्याला सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेल्याचं त्यांनी मुलाखतीत सांगितलं होतं. तिथे पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. सांधा बदलता आला नाही, तो एकाच स्थितीत कायमचा जखडावा लागला. टाटांच्या कुत्र्यालाही उशीर होऊ शकतो, तर बाकीच्यांनी काय बोलावं!

मुंबईला प्राण्यांचा कळवळा नवा नाही. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या इंग्रजांच्या हुकमावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी सर जमशेटजी जीजीभाय आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ काढला. पण पांजरपोळ म्हणजे आसरा. उपचार हा नंतरचा विचार, आणि तो आला घोड्याबैलांच्या पाठीवरून. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली आणि त्याच वर्षी प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारी संस्थाही स्थापन झाली. पुढे पेटिट घराण्याच्या देणगीतून परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय उभं राहिलं आणि १८८६ साली त्याच आवारात मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. बैलघोडा अशा नावाने कित्येक पिढ्या हे रुग्णालय ओळखत आल्या. ओढणाऱ्या आणि दूध देणाऱ्या जनावरांसाठी उभारलेल्या या विद्येला सोफ्यावर झोपणारा रुग्ण मिळाला तो फार उशिरा. आणि रात्री दोन वाजता धावत येणारा रुग्ण तर त्याहूनही उशिरा.

या इमर्जन्सीची पहिली गंमत अशी की इथे नेहमीचा क्रम उलटा चालतो. रोजच्या दवाखान्यात आधी विचारपूस, मग तपासणी, मग निदान आणि शेवटी औषध. इथे आधी प्राण धरून ठेवायचा, आजाराचं नाव नंतर शोधायचं. दारातून आत आलेल्या प्राण्याची तीन गोष्टींवरून मिनिटभरात छाननी होते: श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास नीट चाललाय का, रक्त फिरतंय का. आधी आलेला पामेरियन नख तुटलं म्हणून आला असेल, तर त्याने बाकावर थांबायचं आणि मागून आलेल्या अत्यवस्थ लॅब्राडोरला आत घ्यायचं. बाकावरच्या मंडळींना हे पटत नाही, आणि भांडणं होतात. ज्याला थांबायला सांगतात तो नशीबवान, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

रक्त फिरतंय की नाही हे बघायचं सगळ्यात जुनं यंत्र म्हणजे डॉक्टरांचा अंगठा. ओठ वर करून हिरडी दाबायची आणि सोडायची. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला तर ठीक. जास्त वेळ लागला तर शॉक. हिरडीचा रंगही बोलतो. पांढरीफटक असेल तर रक्तस्राव किंवा पंडुरोग, निळसर असेल तर ऑक्सिजन कमी, विटकरी लाल असेल तर बहुधा उष्माघात किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. आणि मांजराच्या हिरड्या चॉकलेटी दिसल्या, तर अनुभवी डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "घरातल्या कुणी तापाची गोळी दिली का?" माणसाला रोज पचणारं पॅरासिटामॉल मोडून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही. एक गोळी त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद काढून घेते. प्रेमाने पाजलेलं विष हा प्रकार इथे नेहमीचा आहे.

मांजराबद्दल आणखी एक गोष्ट. तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर आलं, तर चांगला डॉक्टर पहिली दहा मिनिटं त्याला जवळजवळ हात लावत नाही. मालकाला राग येतो. आपण जीव मुठीत घेऊन आलो आणि हे नुसते बघत उभे! पण ते मांजर श्वासासाठी अंगातली शेवटची ताकद वापरत असतं. त्याला धरून एक्स-रेच्या टेबलावर आडवं केलं तर तिथेच जातं. म्हणून त्याला ऑक्सिजनच्या काचपेटीत ठेवायचं, दिवा मंद करायचा आणि बाहेरून छातीची हालचाल मोजायची. जरा सावरलं की मग सुई. उपचार म्हणून थांबणं हे शिकायला वर्षं लागतात, असं या क्षेत्रातली माणसं सांगतात, आणि मला ते पटतं.

घड्याळाशी सगळ्यात उघड शर्यत असते ती पोट पिळलेल्या कुत्र्याची. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या मोठ्या जातींमध्ये जठर वायूने फुगतं आणि स्वतःभोवती फिरतं. दोन्ही तोंडं बंद. वायू बाहेर पडत नाही, फुगलेलं जठर पोटातल्या मोठ्या शिरा दाबतं, हृदयाकडे रक्त परत येईनासं होतं. घरच्यांना दिसतं ते इतकंच: कुत्रं अस्वस्थ आहे, उलटीची उबळ येते पण बाहेर फेसाशिवाय काही पडत नाही, पोट टणक लागतं. घरचे म्हणतात ॲसिडिटी, आणि सोडा पाजून सकाळपर्यंत वाट बघतात. सकाळपर्यंत जठराची भिंत काळी पडलेली असते. वेळेत आलं तर दोन शिरांमधून सलाईन सुरू करून नळीने किंवा जाड सुईने वायू काढतात, मग पोट उघडून जठर सरळ करतात आणि पुन्हा फिरू नये म्हणून ते बरगड्यांलगत पोटाच्या भिंतीला टाके घालून पक्कं करतात.

बोक्याची लघवी अडणं याहून गुपचूप चालतं. बोका पुनःपुन्हा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथतो आणि घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ. प्रत्यक्षात खड्यांनी किंवा चिकट गाळाने मूत्रमार्ग बंद झालेला असतो. एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम इतकं चढतं की हृदय मंदावत थांबतं. अशा वेळी मूत्राशयाआधी हृदयाकडे बघावं लागतं. शिरेतून कॅल्शियम देऊन त्याला तात्पुरतं सांभाळायचं आणि मग नळी घालायची. मांजरीचा मूत्रमार्ग रुंद असल्याने तिला हा त्रास क्वचितच होतो.

विषबाधेत घड्याळ फसवतं. उंदीर मारायच्या औषधांत एकच विष नसतं. रक्त गोठू न देणाऱ्या वड्या खाल्लेलं कुत्रं तीन-चार दिवस मजेत हिंडतं आणि मग अचानक नाकातोंडातून, छातीत, पोटात रक्त वाहू लागतं. यावर व्हिटॅमिन के-१ हा पक्का उतारा आहे, लवकर सुरू केलं तर. शेतात वापरतात त्या झिंक फॉस्फाइडला मात्र उतारा नाही; ते जठरातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू तयार करतं. पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं आणि वायूही, म्हणून "काहीतरी खाऊ घाला" हा शेजारचा सल्ला इथे घातक ठरतो. तोच प्रकार मिठाच्या पाण्याचा. उलटी व्हावी म्हणून पाजलेल्या मिठाने स्वतंत्र विषबाधा होते. डॉक्टरांना हवं असतं ते रिकामं पाकीट, मग ते चावलेलं का असेना. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंग गम ही कुत्र्यांची घरगुती विषं. लिलीच्या फुलाचे परागसुद्धा मांजराची मूत्रपिंडं बंद पाडतात.

सर्पदंशाचा हिशेब निराळाच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं जे प्रतिविष माणसाला देतात तेच कुत्र्याला देतात. एरवी इथे प्रत्येक औषध वजनावर मोजतात, दोन किलोच्या पिल्लाला वेगळं आणि साठ किलोच्या सेंट बर्नार्डला वेगळं. प्रतिविषाला हा नियम नाही. सापाने ओतलेलं विष समोरच्याचं वजन बघून ओतलेलं नसतं, तेव्हा लहान कुत्र्याला उलट जास्तच लागू शकतं.

रक्ताची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती आपल्याकडे रोजची आहे. गोचिडांमधून येणारे बॅबेसिया, एर्लिकिया हे जंतू कुत्र्याचं रक्त अक्षरशः संपवतात. जून २०२४ मध्ये रतन टाटांनी इन्स्टाग्रामवर मुंबईकरांना मदत मागितली होती ती अशाच सात महिन्यांच्या पिल्लासाठी. गोचीडतापाचा संशय, जीवघेणा पंडुरोग, तातडीने रक्त हवं. दात्याच्या अटीही त्यांनी दिल्या होत्या: वय एक ते आठ वर्षं, वजन २५ किलोंहून जास्त, लसीकरण आणि जंतनाशक पूर्ण, मोठा आजार नाही. दाते मिळाले. एवढ्या मोठ्या माणसाला एका पिल्लासाठी जाहीर हाक द्यावी लागली, यातच आपल्याकडच्या प्राण्यांच्या रक्तपेढ्यांची अवस्था कळते. कुत्र्याला पहिल्या वेळी बहुधा कुठल्याही कुत्र्याचं रक्त चालतं, कारण परक्या रक्ताविरुद्धची तीव्र प्रतिपिंडं त्याच्या अंगात जन्मतः नसतात. मांजराचं तसं नाही. बी गटाच्या मांजरीला ए गटाचं थोडंसं रक्तही जिवावर बेतू शकतं, म्हणून तिथे गट तपासल्याशिवाय पिशवी लावत नाहीत.

उष्माघातात उपचाराचा पहिला अर्धा भाग घरीच पार पाडायचा असतो. २००३ सालच्या हच कंपनीच्या जाहिरातीने पग घराघरांत नेला, आणि तो विदर्भाच्या मे महिन्यातही नेला. कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धाप लागते पण हवा पुरत नाही. कुत्र्याचं नॉर्मल तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास, ४१ च्या वर गेलं की मेंदू, आतडी, रक्त गोठण्याची क्रिया सगळं ढासळू लागतं. आता सर्वत्र एकच सांगणं आहे: आधी थंड करा, मग निघा. अंगभर पाणी, पंखा, आणि गाडीत एसी. ओलं फडकं अंगावर गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते.

हृदय थांबलेल्या प्राण्याला परत आणण्याचे शास्त्रशुद्ध जागतिक नियम ठरले तेच २०१२ साली, आणि २०२४ मध्ये सुधारून निघाले. मिनिटाला १०० ते १२० दाब, बहुतेक कुत्र्यांना कुशीवर झोपवून, बुलडॉगसारख्या पसरट छातीच्या कुत्र्यांना पाठीवर. सिनेमात हे जमतं. प्रत्यक्षात असे शंभरातले दहासुद्धा घरी परतत नाहीत. म्हणून सगळी धडपड हृदय थांबण्याआधीची असते.

पैशाबद्दल आडपडदा नको. रात्रीचा आयसीयू महाग असतो, कारण यंत्रं महाग आणि जागी माणसं त्याहून महाग. प्राण्यांचा विमा आपल्याकडे मिळतो, पण तो काढणारे थोडे. मग मध्यरात्री काउंटरवर अंदाजपत्रक पुढे येतं आणि माणूस ओशाळतो. चांगले डॉक्टर अशा वेळी दोन-तीन पर्याय ठेवतात, त्यांत वेदनारहित मरणाचाही असतो, आणि तो निवडणाऱ्याला कमी लेखत नाहीत.

माझं स्पष्ट मत असं की महालक्ष्मीच्या इमारतीचं कौतुक करून आपण सुटू नये. राज्यातलं सरकारी दवाखान्यांचं जाळं गाईम्हशींसाठी विणलेलं आहे, आणि ते तसंच असणं योग्यही आहे. १९६२ या क्रमांकावर येणारं फिरतं पथकसुद्धा मुख्यतः पशुधनासाठी आहे. पण सांगलीत, लातुरात, अकोल्यात आता घरोघरी कुत्री-मांजरं आहेत आणि रात्री अकरानंतर बहुतेकांचा आधार म्हणजे ओळखीच्या डॉक्टरचा मोबाईल. एकेकट्या डॉक्टरने दिवसभर काम करून रात्रीही फोन उचलावा ही अपेक्षा माणुसकीला धरून नाही. गावातल्या चार-पाच खासगी दवाखान्यांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या, एकच ऑक्सिजनची पेटी आणि एकच प्रशिक्षित मदतनीस सामायिक ठेवला, तर १६५ कोटी लागणार नाहीत.

ते होईपर्यंत आजच्या आज एवढं करा. तुमच्या भागात रात्री खरोखर कोण उघडं असतं ते फोन करून विचारा, इंटरनेटवरच्या 'चोवीस तास'वर विसंबू नका. प्राण्याचं वजन आणि चालू औषधं भिंतीवर लिहून ठेवा. कधीही न चावणारं कुत्रंही वेदनेत चावतं, तेव्हा तोंड बांधायला मऊ पट्टी हाताशी असू द्या. मात्र उलटी किंवा धाप चालू असेल तर बांधू नका. आणि वेळ आली तर घरातून निघतानाच दवाखान्यात फोन करा. तुम्ही पोहोचेपर्यंत त्यांना टेबल मोकळं करता येतं.