रस्त्याचा कायदा – लेखांक सहावा : अवजड वाहनांची अनुज्ञप्ती

शिकाऊ अनुज्ञप्तीपासून पक्क्या अनुज्ञप्तीपर्यंतचा मार्ग आपण गेल्या लेखांकात पाहिला. मालमोटार चालविण्याचा व्यवसाय पत्करू इच्छिणाऱ्या तरुणास, आणि त्याला नोकरीस ठेवणाऱ्या मालकासही, जो प्रश्न सर्वाधिक घोटाळ्यात पाडतो, तो आज विचारास घेऊ. ‘हेवी लायसन’ म्हणून जे लोकांच्या तोंडी आहे, ते कायद्याच्या दृष्टीने नेमके कोणत्या गाडीसाठी लागते?

गाडी जड की हलकी, हे चाके मोजून किंवा हौद्याची लांबी पाहून ठरविण्याची आपल्याकडे सार्वत्रिक सवय आहे. दिनांक १ जुलै १९८९ पासून अमलात असलेला १९८८ चा मोटार वाहन कायदा मात्र येथे वजनाकडे पाहतो. ७,५०० किलोपर्यंतचे वाहन हलके, १२,००० किलोंहून अधिक वजनाचे मालवाहू वाहन अवजड, आणि या दोहोंच्या दरम्यानचे मध्यम, अशी ही विभागणी आहे. परंतु वजन म्हणजे कोणते वजन, येथेच बहुतेकांची फसगत होते. खासगी मोटारीचे किंवा ट्रॅक्टरचे वजन रिकाम्या स्थितीतले धरतात. मालवाहू गाडीच्या बाबतीत मात्र तिचे स्वतःचे वजन आणि तिला वाहून नेण्याची मुभा असलेला जास्तीत जास्त भार यांची बेरीज, म्हणजे सकल वजन, प्रमाण मानले जाते. म्हणून माल उतरवून रिकामी परतणारी अवजड मालमोटारही कायद्याच्या लेखी अवजडच राहते, आणि ‘गाडी रिकामीच होती’ हा खुलासा निरीक्षकापुढे टिकत नाही. नोंदणी पुस्तकात ही दोन्ही वजने स्वतंत्रपणे नमूद असतात. शिवाय बहुतेक मालमोटारींच्या डाव्या अंगासही ती रंगाने लिहिलेली आढळतात. त्यांपैकी मोठा आकडा वाचावा. ७,४९० किलो सकल वजनाची मालमोटार बाजारात मिळते. मर्यादेच्या अवघ्या दहा किलो आत राहणाऱ्या त्या आकड्यावरून या सीमारेषेला व्यवहारात किती मोल आहे, हे सहज ध्यानी यावे.

आता अनुज्ञप्तीकडे वळू. मूळ कायद्यात मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, अवजड मालवाहू आणि अवजड प्रवासी असे चार निरनिराळे वर्ग होते. १४ नोव्हेंबर १९९४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ते रद्द होऊन त्यांच्या जागी ‘परिवहन वाहन’ हा एकच वर्ग आला. हेतू सुटसुटीतपणाचा असेल, परंतु त्यातून नवाच पेच उभा राहिला. भाजीपाल्याचा लहानसा टेम्पो वजनाने हलका, पण उपयोगाने परिवहन वाहन. मग केवळ हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती असलेल्या चालकाच्या हातून त्याचा अपघात झाला, तर भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील आहे की नाही? हा वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला. मुकुंद देवांगन प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने चालकाच्या बाजूने दिलेला कौल ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रंभादेवी प्रकरणात कायम केला, आणि सकल वजन ७,५०० किलोंपर्यंत असलेल्या परिवहन वाहनास हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती पुरते, हे निश्चित झाले. हा निर्णय मला सर्वथा न्याय्य वाटतो. कागदावरील एका नोंदीच्या अभावी अपघातग्रस्तांच्या कुटुंबांना भरपाईसाठी ताटकळत ठेवणे योग्य नव्हते. परंतु ही सवलत ७,५०० किलोंपाशी संपते. त्यापलीकडे ‘परिवहन’ची स्वतंत्र नोंद अनिवार्यच आहे.

ती मिळविण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती किमान एक वर्ष हाती असावी लागते. तसेच वैद्यकीय दाखला आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण शाळेचे प्रमाणपत्र अर्जास जोडावे लागते. आठवी उत्तीर्ण असण्याची जुनी अट २०१९ साली काढून टाकण्यात आली. क्लीनर म्हणून घाट पालथे घातलेल्या कित्येकांना त्या अटीने उगाच दाराबाहेर उभे केले होते. ती गेली हे बरे झाले.

खरा मुद्दा आहे तो परीक्षेचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील पंधराव्या नियमात उमेदवाराने काय करून दाखवावयाचे याची जी यादी आहे, तीत चढावर थांबलेली गाडी मागे न घसरू देता पुढे काढणे आणि उताराला लागताच चटकन खालचा गिअर टाकणे या दोन गोष्टी आहेत, आणि अवजड गाडीच्या बाबतीत सारे कौशल्य या दोहोंत सामावलेले आहे, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येणारा लांब उतार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. डिझेल वाचविण्याच्या मोहाने चालक तेथे गाडी न्यूट्रल करतो. इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर येतो, वारंवार दाबल्याने ब्रेकचे ड्रम तापतात, आणि ऐन गर्दीच्या ठिकाणी पायाखालचे पेडल निष्प्रभ ठरते. तेथील अनेक भीषण अपघातांमागे हेच कारण सांगितले गेले आहे. ज्या शाळेने मैदानावर चार फेऱ्या मारून घेऊन प्रमाणपत्र दिले आणि ज्या कार्यालयाने सपाट जमिनीवर परीक्षा उरकली, त्यांच्याकडे या अपघातांची जबाबदारी मुळीच जात नाही, असे मला म्हणवत नाही.

पेट्रोल, वायू, रसायने यांसारखा धोकादायक माल वाहणाऱ्या टँकरसाठी तीन दिवसांचे स्वतंत्र प्रशिक्षण आणि अनुज्ञप्तीवर तशी वेगळी नोंद लागते. तिची मुदत तीन वर्षांची असते, आणि नूतनीकरणापूर्वी एक दिवसाची उजळणी सक्तीची आहे.

मुदतीविषयी एक सूचना विशेष ध्यानात ठेवावी. परिवहन वाहनाची अनुज्ञप्ती २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीनऐवजी पाच वर्षांसाठी मिळते. पण त्याच दुरुस्तीने, मुदत संपल्यावरही तीस दिवस अनुज्ञप्ती प्रभावी मानण्याची जुनी तरतूद रद्द केली आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीपूर्वी एक वर्षापासून करता येतो. चालकांनी आणि मालकांनी तो वेळेवर करावा, कारण मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर काढणे म्हणजे अनुज्ञप्तीविना गाडी चालविणेच होय.