गच्चीवरचा वायफाय रिपीटर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नेरुळ–उरण रेल्वेमार्ग नोव्हेंबर २०१८मध्ये खारकोपरपर्यंत आला, जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला आणि या काळात पनवेल खाडीच्या दक्षिणेला सिडकोने आखलेल्या उलवे नोडचे रूप झपाट्याने पालटले. एकीकडे बहुमजली सोसायट्या, दुसरीकडे गव्हाण, शेलघर, वहाळ यांसारखी जुनी गावे आणि मधे बांधकाम चालू असलेले भूखंड, अशा मिश्र वस्तीत छोट्या इंटरनेट सेवादात्याला प्रत्येक दारापर्यंत फायबर टाकणे परवडतेच असे नाही. मग एखाद्या इमारतीच्या गच्चीवर रिपीटर बसवला जातो. रिपीटर म्हणजे एका ठिकाणाहून रेडिओ लहरींवर आलेली माहिती स्वीकारून ती पुढच्या ठिकाणी पुन्हा प्रक्षेपित करणारे, ऊन-पावसात उघड्यावर राहणारे उपकरण. ते तयार मिळते, तसेच राउटरचा बोर्ड, ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर, अँटेना आणि जलरोधक पेटी एकत्र करून जुळवताही येते. मात्र त्याविषयीच्या काही समजुती ग्राहकांइतक्याच जोडणी करणाऱ्यांच्याही मनात घट्ट बसलेल्या आहेत.

रिपीटर लावला की इंटरनेटचा वेग वाढतो, ही त्यांतली सर्वांत मोठी. वस्तुतः रिपीटर पोहोच वाढवतो आणि त्याची किंमत बहुधा वेगातच वसूल करतो. वायफायचा रेडिओ एका वेळी एकतर ऐकतो किंवा बोलतो, त्यामुळे एकच रेडिओ एकाच चॅनेलवर मागून माहिती घेऊन पुढे देत असेल, तर त्याचा निम्मा वेळ घेण्यात आणि निम्मा देण्यात जातो. परिणामी १०० एमबीपीएसची क्षमता पहिल्या टप्प्यानंतर फार तर ५०वर आणि तसाच दुसरा रिपीटर जोडल्यास त्याहूनही खाली येते. उपाय ठाऊक नाही असे नाही, पण खर्च वाचवण्याच्या नादात तो टाळला जातो: मुख्य केंद्राकडे तोंड करणारा एक रेडिओ आणि ग्राहकांकडे तोंड करणारा दुसरा, असे दोन रेडिओ दोन वेगळ्या चॅनेलांवर ठेवले की ही कपात बव्हंशी टळते. तेही एकाच खांबावर एकमेकांना चिकटून आणि लगतच्या चॅनेलांवर बसवले, तर एकाचे प्रक्षेपण दुसऱ्याचे ऐकणे बंद पाडते, म्हणून दोन्हींत अंतर आणि शक्य तेथे आडोसा ठेवावा लागतो.

दुसरी समजूत शक्तीविषयीची आहे. सिग्नल कमी पडला की बाजारातला ॲम्प्लिफायर जोडण्याकडे कल असतो, परंतु मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सिग्नल ६ डेसिबलने, म्हणजे एक चतुर्थांशापर्यंत घटतो, आणि शक्ती दुप्पट केल्याने मिळतात फक्त ३ डेसिबल. शिवाय संवाद दुतर्फा असतो. गच्चीवरचा रेडिओ कितीही मोठ्याने बोलला, तरी वॅटच्या दशांशाच्या आसपास शक्ती असणाऱ्या ग्राहकाच्या फोनचे उत्तर त्याला ऐकू आले नाही, तर फोनवर सिग्नलच्या पट्ट्या भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. चांगली अँटेना दोन्ही दिशांना उपयोगी पडते, ॲम्प्लिफायर प्रामुख्याने एकाच. त्याहून साधा तोटा केबलमध्ये दडलेला असतो: ५.८ गिगाहर्ट्झला चांगल्या प्रतीची जाड कोॲक्स केबलही १० मीटरमध्ये सुमारे साडेतीन डेसिबल, म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ती गिळते. म्हणूनच रेडिओ अँटेनापाशीच बसवून त्याला वीज आणि डेटा दोन्ही एकाच नेटवर्क केबलीतून देण्याची पद्धत, म्हणजेच पीओई, रूढ झाली.

अँटेनाचा ‘डीबीआय’ हा आकडा जितका मोठा तितकी अँटेना सर्वत्र चांगली, असेही मानले जाते. अँटेना शक्ती निर्माण करत नाही, ती एका बाजूची काढून दुसऱ्या बाजूला देते. चहूबाजूंना प्रक्षेपण करणाऱ्या १२ डीबीआयच्या दांडीसारख्या अँटेनाचा उभा झोत अवघा ७ अंशांच्या आसपास असतो. ती ४० मीटर उंचीच्या गच्चीवर सरळ उभी केली, तर झोताची खालची कड सुमारे ६५० मीटर अंतरावर जमिनीला टेकते आणि त्याच इमारतीच्या तळमजल्यावरचा दुकानदार मुख्य झोताच्या पूर्ण बाहेर राहतो. किंचित खाली झुकवलेली सेक्टर अँटेना, म्हणजे ठरावीक कोनातच प्रक्षेपण करणारी अँटेना, अशा जागी अधिक उपयोगी ठरते.

समोरची इमारत डोळ्यांना दिसते म्हणजे लिंक लागणारच, हा समज उलव्यासारख्या वाढत्या नोडमध्ये विशेष महागात पडतो. रेडिओ लहरी दोन अँटेनांमध्ये दोरीसारख्या सरळ जात नाहीत, तर मध्यभागी फुगलेला एक लांबट पट्टा व्यापतात. त्याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झच्या २ किलोमीटर लांबीच्या लिंकमध्ये या क्षेत्राची त्रिज्या मध्यावर सुमारे ५ मीटर असते आणि त्यातील किमान ६० टक्के, म्हणजे ३ मीटर भाग अडथळामुक्त असावा लागतो. मधल्या भूखंडावरील इमारतीचा नवा स्लॅब किंवा त्यावरची पाण्याची टाकी दृष्टिरेषेच्या खालीच राहिली, तरी ती या पट्ट्यात शिरते आणि कालपर्यंत उत्तम चाललेली लिंक अडखळू लागते. दोष मात्र उपकरणाला दिला जातो. खाडीवरून जाणाऱ्या लिंकला पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या लहरींचाही त्रास होतो आणि भरती-ओहोटीबरोबर तो बदलतो. अडथळा झाडोऱ्याचा असेल, तर त्यातून पार होण्यास कमी वारंवारतेच्या लहरी सरस असतात. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर परिसरातील गावांत टीव्ही प्रक्षेपणाच्या पट्ट्यातील रिकाम्या वारंवारता वापरून पाहिल्या, त्यामागे हेही एक कारण होते.

पावसाने सिग्नल खाल्ला, हे पावसाळ्यातले ठरलेले स्पष्टीकरण ५ गिगाहर्ट्झच्या बाबतीत टिकत नाही. तासाला १०० मिलिमीटर या दराने पाऊस कोसळत असला, तरी या पट्ट्यात किलोमीटरमागे घट साधारण १ डेसिबलच होते. ६० गिगाहर्ट्झला मात्र ती ३० डेसिबलच्या घरात जाते. जुलैमध्ये बंद पडणाऱ्या लिंकचे कारण बहुतेकदा पेटीपाशीच सापडते. केबल वरून उतरून थेट पेटीत शिरत असेल, तर पाणी तिच्या अंगाने आत जाते. म्हणून प्रवेशाआधी केबलीला खाली एक झोल द्यायचा असतो, जेणेकरून थेंब तेथूनच गळून पडावा, आणि केबलीची ग्लँड नेहमी पेटीच्या तळाला बसवायची असते. खाडीच्या खारट हवेत साध्या लोखंडी क्लॅम्पला लवकर गंज चढतो, पकड सैल होते आणि वाऱ्याने डिश एक-दोन अंश फिरली तरी अरुंद झोत चुकतो. पेटी मजबूत हवी म्हणून अँटेनासकट सारे पत्र्याच्या डब्यात बंद करणे तर साफ चूक आहे, कारण धातू लहरींना अडवतो.

कायद्याबाबत दोन गैरसमज आढळतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २८ जानेवारी २००५च्या अधिसूचनेने आणि ५ गिगाहर्ट्झमधील विस्तृत पट्टे २२ ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेने घराबाहेरील वापरासाठीही परवानामुक्त झाले, पण परवानामुक्त म्हणजे निर्बंधमुक्त नव्हे. २.४ गिगाहर्ट्झला रेडिओची शक्ती १ वॅटपर्यंत आणि अँटेनासह परिणामी शक्ती ४ वॅटपर्यंतच चालते. त्यामुळे १२ डीबीआयची अँटेना लावली की रेडिओ पाव वॅटवर आणावा लागतो. उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए ही मान्यता लागते, शेजाऱ्याच्या व्यत्ययापासून कोणतेही संरक्षण मिळत नाही आणि वारंवारता मोफत असली तरी इंटरनेट विकण्याची परवानगी वेगळी काढावीच लागते. याउलट मोबाइलचा सिग्नल वाढवणारा बूस्टर हा वायफाय रिपीटरचाच भाऊ समजून सर्रास लावला जातो; तो मोबाइल कंपन्यांच्या परवानाधारक वारंवारतांवर चालत असल्याने खासगी व्यक्तीने बसवणे बेकायदा आहे.

सोसायट्यांच्या सभांत निघणारा किरणोत्सर्गाचा मुद्दा आकड्यांनी लवकर मिटतो. ४ वॅट परिणामी शक्तीच्या अँटेनापासून ५ मीटरवर, थेट झोतातही, तीव्रता चौरस मीटरला सुमारे ०.०१३ वॅट भरते, तर मोबाइल मनोऱ्यांसाठी भारताने सप्टेंबर २०१२पासून लागू केलेली मर्यादा या वारंवारतांना १ वॅट आहे आणि ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दशांश आहे.

सोसायटीने खरे तर विचारावा असा प्रश्न खांबाच्या उंचीचा आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ उलव्याला लागून असल्याने येथील इमारतींना उंचीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्यात नमूद केलेल्या कमाल उंचीच्या वर अँटेना, तडितरोधक किंवा पाण्याची टाकी यांपैकी काहीही जाऊ देता येत नाही. इमारतीनेच ती मर्यादा गाठली असेल, तर गच्चीवर चार मीटरचा खांबसुद्धा नियमबाह्य ठरतो, मग त्यावरचा रेडिओ कितीही परवानामुक्त असो.