गळ्यातली चाल कागदावर : स्वरलिपी वाचण्याची पहिली पायरी

स्वरलिपी म्हणजे गाण्याची चाल अक्षरांत आणि खुणांत लिहून ठेवण्याची रीत. कोणता स्वर, किती वेळ आणि तालाच्या कोणत्या मात्रेवर, या तीन प्रश्नांची उत्तरे ती देते. गंगाखेडसारख्या गावात तिची गरज चटकन लक्षात येते. गोदाकाठचे हे गाव संत जनाबाईंची जन्मभूमी. त्यांचे अभंग गाथेत छापलेले आहेत, पण गाथेत फक्त शब्द आहेत. चाल भजनी मंडळात ऐकून उचलायची, हीच रीत. त्यामुळे एकच अभंग शेजारच्या दोन गावांत दोन चालींवर ऐकू येतो, आणि एखादी चाल जाणणारा शेवटचा माणूस गेला की ती चालही जाते.

ही अडचण शास्त्रीय संगीतातही होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बंदिशी घराण्यांत, गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जात. महाराष्ट्रातल्या दोन विष्णूंनी त्या कागदावर आणल्या. कुरुंदवाडला जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि विद्यार्थ्यांसाठी स्वतःची लिपी वापरून पुस्तके छापली. मुंबईच्या वाळकेश्वरचे वकील विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी देशभर हिंडून, उस्तादांकडून बंदिशी मिळवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या. ही मालिका मुळात मराठीत निघाली. भातखंड्यांची लिपी कमी खुणांची आणि छपाईला सोपी असल्याने आज नवशिक्याच्या हाती बहुधा तीच पडते.

या लिपीत आधी स्वर ओळखायचे. सा, रे, ग, म, प, ध, नी ही सात अक्षरे नुसती असली तर शुद्ध स्वर. रे, ग, ध, नी यांच्याखाली आडवी रेघ असेल तर तो स्वर कोमल; म च्या डोक्यावर उभी रेघ असेल तर तीव्र मध्यम. सा आणि प अचल आहेत, त्यांना या खुणा कधीच लागत नाहीत. स्वराखाली टिंब असेल तर तो मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला, वर टिंब असेल तर तार म्हणजे वरच्या सप्तकातला. टिंब नसेल तर मध्य सप्तकातला. म्हणून वरचा सा ‘सां’ असा दिसतो.

पेटीवर हे लगेच पडताळून पाहता येते. पांढरी एक हा सा धरला तर सातही शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. काळी एक म्हणजे कोमल रे, काळी दोन कोमल ग, काळी तीन तीव्र म, काळी चार कोमल ध आणि काळी पाच कोमल नी. मात्र लिपीतला सा कोणत्याही एका पट्टीला बांधलेला नाही. गाणाऱ्याचा सूर काळी दोन असो की पांढरी पाच, कागदावरची ओळ तीच राहते. युरोपीय पाच रेघांच्या लिपीत स्वराची उंची ठरलेली असते. इथे स्वरांमधले अंतर तेवढे ठरलेले असते.

दुसरी पायरी मात्रांची. सुटे लिहिलेले प्रत्येक अक्षर एक मात्रा घेते. स्वरापुढची आडवी रेघ (–) म्हणजे तोच स्वर आणखी एक मात्रा लांबवायचा. शब्दांच्या ओळीत हेच काम ‘ऽ’ हे चिन्ह करते. दोन किंवा अधिक स्वरांखाली एकच कंस असेल तर ते सगळे मिळून एका मात्रेत बसवायचे.

तिसरी पायरी तालाची. × म्हणजे सम, म्हणजे पहिली मात्रा आणि पहिली टाळी; ० म्हणजे खाली, जिथे टाळी पडत नाही; २ आणि ३ म्हणजे पुढच्या टाळ्या. उभ्या रेघांनी विभाग पडतात. सोळा मात्रांच्या तीनतालात टाळ्या १, ५ आणि १३ या मात्रांवर, तर खाली ९ वर. सरावासाठी भूप रागातली ही ओळ पाहा :

× ग रे सा रे | २ ग – प ग | ० ध प ग प | ३ ग रे सा –

आधी हाताने ताल धरून नुसती अक्षरे बोलायची, मग सुरात म्हणायची. सहाव्या मात्रेवर नवा स्वर नाही, पण मात्रा आहे. पाचवीवरचा ग तिथपर्यंत धरायचा. तीच गोष्ट शेवटच्या सा ची. नवशिके रेघेपाशी घाई करतात आणि पुढची टाळी हुकते.

पुस्तकातल्या बंदिशीत वर स्वर, त्याखाली शब्द आणि सर्वांत खाली तालाच्या खुणा असतात. तीनतालातल्या पुष्कळ बंदिशी नवव्या मात्रेपासून उठतात. अशा वेळी छापलेली ओळ ० पासून सुरू होते आणि सम ओळीच्या मध्यावर येते. म्हणून आधी × कुठे आहे ते शोधावे, त्यावर कोणता शब्द पडतो ते पाहावे, मगच गायला घ्यावे.

पुस्तक कोणत्या पद्धतीचे आहे हेही आधी पाहावे लागते. पलुस्करांच्या लिपीत वरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते आणि तार सप्तकासाठी उभी रेघ येते. सम १ या आकड्याने, तर खाली + ने दाखवतात. म्हणजे एकाच खुणेचे दोन पुस्तकांत दोन अर्थ होतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या अभ्यासक्रमात या दोन्ही पद्धतींची तुलना येते, ती याच कारणाने.

लिपीला मर्यादाही आहेत. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) स्वरांवरच्या कमानीने आणि कणस्वर (ओझरता लागणारा स्वर) बारीक अक्षराने दाखवता येतो; कंसातला (प) म्हणजे ‘ध प म प’ असे झटकन घ्यायचे, हेही ठरलेले आहे. पण कोमल ग अमुक रागात किती उतरा लावायचा, त्याचे आंदोलन किती संथ, आवाज कुठे दाबायचा, हे खुणांत मावत नाही. ते ऐकूनच घ्यावे लागते.

म्हणून आरंभ पाठ असलेल्या चालीपासून करणे सोयीचे. भजनात रोज म्हटला जाणारा एखादा अभंग निवडावा. भजनी ठेका आठ मात्रांचा, तेव्हा वहीत आठ घरे आखून पहिल्या घरावर × मांडावा, कोणते अक्षर समेवर पडते ते ठरवावे आणि पेटीवर एकेक स्वर शोधून घरे भरावीत. लिहून झाल्यावर चाल न येणाऱ्या पण लिपी वाचणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून ती वाजवून घ्यावी. चूक कोणत्या मात्रेवर आहे ते लगेच कळते, आणि ती दुरुस्त केली की गाथेतल्या शब्दांशेजारी त्यांची चालही लिहिलेली राहते.