चाकांवरच्या काळ्या थराकडे दुर्लक्ष नको

गाडी धुवायची म्हटली की आपले सगळे लक्ष बॉनेट, काचा आणि सीट्सकडे असते. शेवटी बादलीत उरलेले पाणी चाकांवर ओतले की काम संपले. दसऱ्याला हार घालण्यासाठी गाडी चकचकीत करायला घेतली, की मग लक्षात येते की बाकी गाडी नव्यासारखी दिसतेय, पण चाके काही केल्या उजळत नाहीत. पुढच्या दोन चाकांवर तर काळपट-तपकिरी थर अगदी घट्ट बसलेला असतो.

हा थर केवळ रस्त्यावरच्या धुळीचा किंवा चिखलाचा नसतो. त्यातला बराचसा भाग तुमच्या गाडीच्या ब्रेकमधून झिजून आलेला असतो. म्हणूनच तो काढायची पद्धत वेगळी आहे. शिवाय तो काढताना चाकांकडे नीट पाहिलेत, तर ब्रेकमधला बिघाडही वेळीच लक्षात येऊ शकतो.

हा थर येतो कुठून?

तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड चिमट्यासारखे पकडतात. या घर्षणाने गाडी थांबते, डिस्क तापते आणि दर वेळी पॅड व डिस्क दोन्ही थोडे थोडे झिजतात. त्यांचे बारीक, गरम कण उडून चाकावर चिकटतात. त्यात लोखंड असल्यामुळे पाणी लागले की ते गंजतात. म्हणूनच फिकट रंगाच्या चाकांवर नारिंगी ठिपके दिसू लागतात.

ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे पुढच्या ब्रेकना जास्त काम करावे लागते. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात आणि त्यांची बरीचशी भुकटी ड्रमच्या आतच राहते. म्हणून मागच्यापेक्षा पुढची चाके काळी दिसणे अगदी स्वाभाविक आहे.

अलॉय व्हीलवर रंगाच्या वर पारदर्शक लॅकरचा थर असतो. ही भुकटी महिनोन्महिने तशीच राहिली, तर कण या थरात रुततात. मग कितीही घासले तरी डाग जात नाहीत आणि लॅकर फुगून निघू लागते. पावसाळ्यात आणि मुंबई, गोवा, चेन्नईसारख्या समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हे नुकसान लवकर होते.

श्वासात जाऊ देऊ नका

ही भुकटी इतकी बारीक असते की तिचा काही भाग हवेत तरंगतो आणि श्वासावाटे फुप्फुसांत जातो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘युरो ७’ नियमांत तर धुराबरोबरच ब्रेकमधून निघणाऱ्या कणांवरही प्रथमच मर्यादा घालण्यात आली आहे.

जुन्या किंवा हलक्या दर्जाच्या पॅड आणि लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांमुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे पॅड बदलताना पाकिटावर ‘अ‍ॅस्बेस्टॉस-फ्री’ लिहिलेले आहे का ते जरूर पाहा.

ही भुकटी कोरड्या फडक्याने झटकू नका, तोंडाने फुंकू नका आणि हवेच्या पाइपने उडवू नका. आधी ओली करा, मगच पुसा. सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसायला येणाऱ्या माणसालाही हे सांगा आणि त्याला रबरी हातमोजे द्या. रोज दहा-बारा गाड्यांची भुकटी त्याच्या श्वासात जात असते. मुलांना गाडी धुवायला मदत करायची हौस असेल, तर त्यांना काचा आणि दारे पुसायला द्या. चाके मोठ्यांनीच धुवावीत.

अशी करा स्वच्छता

• गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर चाके पूर्ण थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडले तर ती वाकडी होऊ शकते. शिवाय गरम चाकावर साबण लगेच सुकून डाग पडतात.

• चाकांसाठी बादली, स्पंज आणि फडके वेगळे ठेवा. चाकाचे फडके बॉनेटवर फिरवले, तर त्यातले लोखंडी कण रंगावर ओरखडे पाडतात.

• आधी पाण्याच्या फवाऱ्याने सैल माती आणि भुकटी वाहून जाऊ द्या.

• कार शाम्पूच्या पाण्यात मऊ ब्रश बुडवून एका वेळी एकच चाक धुवा. आऱ्यांच्या मागची बाजू आणि नटांच्या खाचा विसरू नका. तिथे जुना टूथब्रश छान चालतो.

• भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरड्या फडक्याने टिपा.

• वापर जास्त असेल तर आठवड्यातून एकदा आणि कमी असेल तर पंधरा दिवसांतून एकदा एवढे पुरेसे आहे.

जुने डाग साबणाने निघत नसतील तर गाड्यांच्या सामानाच्या दुकानात ‘आयर्न रिमूव्हर’ मिळतो. तो फवारला की लोखंडाशी त्याची रासायनिक क्रिया होऊन जांभळे ओघळ येतात. त्याचा वास मात्र उग्र असतो. पार्लरमध्ये केस कुरळे करण्याच्या लोशनचा वास तुमच्या ओळखीचा असेल, तर हाही ओळखीचा वाटेल, कारण दोन्हींत बहुधा एकाच जातीचे रसायन असते. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत आणि सावलीत वापरा. बाटलीवर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका आणि चाकावर सुकू देऊ नका.

हे चुकूनही करू नका

• टॉयलेट किंवा फरशी साफ करायचे अ‍ॅसिड चाकांवर वापरू नका. अलॉय व्हीलमध्ये अ‍ॅल्युमिनियम असते. अ‍ॅसिडने ते काळवंडते आणि खड्डे पडतात. कॉस्टिक सोड्यानेही असेच नुकसान होते.

• भांडी घासायची तारेची घासणी लावू नका. डागासोबत लॅकरही निघून जाते.

• चाक चमकावे म्हणून तेल, डिझेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारू नका. त्याचे थेंब डिस्कवर किंवा पॅडवर गेले तर ब्रेक नीट लागणार नाहीत. टायर पॉलिशही फक्त टायरच्या बाजूला लावा, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला नाही.

धुताना चाकांकडे पाहा

चारही चाके एकामागोमाग हाताखालून जातात, त्यामुळे ब्रेकची ओझरती तपासणी करायला ही उत्तम वेळ आहे.

• पुढच्या दोन चाकांपैकी एकच खूप जास्त काळे असेल, तर त्या बाजूचा ब्रेक अडकून सतत घासत असण्याची शक्यता आहे. थोड्याशा प्रवासानंतर त्या चाकाजवळ जास्त उष्णता किंवा जळका वास जाणवला तर शंका आणखी पक्की होते.

• एका चाकावर भुकटी अचानक दिसेनाशी झाली असेल, तर तो ब्रेक नीट लागतो का ते तपासून घ्या.

• चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसली, तर ब्रेक ऑइल गळत असू शकते. अशी गाडी चालवू नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.

• आऱ्यांच्या फटीतून पॅड दिसत असेल आणि त्याचा थर साधारण ३ मिलिमीटरपर्यंत आला असेल, तर बदलायची वेळ झाली. ब्रेक दाबताना कर्कश किंवा खरखर आवाज येत असेल तर थांबूच नका.

नवे पॅड बसवल्यावर सुरुवातीचे काही दिवस भुकटी थोडी जास्त पडते. त्याची काळजी नको.

धुऊन झाल्यावर

ओले ब्रेक काही क्षण कमी पकडतात. म्हणून चाके धुतल्यावर सोसायटीच्या आवारातच गाडी हळू चालवून दोन-चार वेळा हलकेच ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क कोरडी होईल. दुसऱ्या दिवशी डिस्कवर गंजाची पातळ छटा दिसली तरी घाबरू नका. ती पहिल्या काही ब्रेकमध्येच निघून जाते.

भुकटी मुळातच कमी व्हावी असे वाटत असेल, तर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा आणि सिग्नल लांबून दिसताच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. कसारा किंवा खंबाटकीसारखा घाट उतरताना सतत ब्रेक दाबण्याऐवजी खालच्या गिअरमध्ये उतरा. पॅड कमी झिजतील, पेट्रोल वाचेल आणि गरज पडेल तेव्हा ब्रेक थंड आणि भरवशाचे असतील.